गोपाळराव कुरणखेडकरांचं लॅटिन नाव

अकोल्याचे वकील गोपाळकृष्ण त्र्यंबक कुरणखेडकर हे जिल्ह्यातल्या पहिल्या तीन वकिलांपैकी एक होते. ही माहिती मला त्यांच्याकडूनच मिळाली. बाररूममध्ये एकोणीस वर्षं माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला लागून होती, त्यामुळं ती मला पुष्कळदा मिळाली. उरलेले दोन कोण, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

शेतांच्या धुऱ्या-बांधांची भांडणं, वहिवाटीचे दावे, भाऊबंदांच्या वाटण्या यांवर त्यांचं उत्तम चाललं होतं. स्वतःचं घर होतं, आणि घरात भातकुलीहून आलेल्या रमाबाई होत्या. नवऱ्याचं कुठलंही म्हणणं त्यांनी पहिल्या दमात खरं मानल्याचं कुणाला आठवत नाही. मूलबाळ नव्हतं. त्यामुळंच असेल, पण आपल्यामागं आपलं नाव कशाला तरी चिकटून राहावं, ही गोपाळरावांची जुनी हौस होती.

१९५३ साली नगरपालिकेनं गल्ल्यांना नवी नावं द्यायला घेतली. गोपाळरावांनी आपल्या गल्लीसाठी स्वतःचं नाव सुचवलं नाही. तेवढी लाज त्यांना होती. त्यांनी ते चार अशिलांकडून सुचवून घेतलं. पालिकेनं कळवलं की हयात माणसाचं नाव गल्लीला देता येत नाही. आणि कोपऱ्यावरच्या घरातले एक जिलेबीवाले नुकतेच वारले होते, त्यांचं नाव देऊन मोकळी झाली. गोपाळराव दोन आठवडे बाररूममध्ये एकच प्रश्न विचारत होते, की मरण ही काय पात्रता झाली? उत्तर द्यायला कुणी मरायला तयार नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात जंगल खात्यातले एक मोठे अधिकारी अमरावतीहून निवृत्त होऊन गेले. त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. गोपाळराव शिसवी कपाट घ्यायला गेले होते. कपाट मिळालं, आणि ते रिकामं करायचा कंटाळा कुणालाच असल्यामुळं आतले पक्ष्यांवरचे जाडजूड इंग्रजी ग्रंथही त्याबरोबर आले. कोर्टाला सुट्टी होती. बाहेर चाळीस-पंचेचाळीस डिग्री ऊन. वाळ्याच्या ओल्या तट्ट्यामागं पडून गोपाळरावांनी ते ग्रंथ वाचले. चित्रं पाहून झाली, वर्णनं वाचवेनात, म्हणून ते नावं वाचायला लागले. प्रत्येक पक्ष्याखाली तिरक्या अक्षरांत दोन शब्दांचं लॅटिन नाव होतं, आणि कुणा साहेबानं समासात पेन्सिलीनं त्यांचे अर्थ लिहून ठेवले होते.

जूनमध्ये कोर्ट उघडलं तेव्हा आम्हांला नवे गोपाळराव मिळाले. आपल्या रोजच्या कावळ्याचं शास्त्रीय नाव 'कॉर्व्हस स्प्लेंडेन्स', म्हणजे झळझळीत, तेजस्वी कावळा, हे त्यांनी काळे कोट घालून बसलेल्या आम्हां अकरा जणांकडं एकवार पाहून सांगितलं. साळुंकीचं नाव 'अक्रिडोथेरिस ट्रिस्टिस', म्हणजे टोळ मारणारी उदास. साळुंकी उदास कुणी पाहिली, असं एकानं विचारलं. गोपाळराव म्हणाले, ज्यानं नाव दिलं त्यानं ती मेलेली पाहिली होती. ओसाड घराच्या वळचणीला बसणाऱ्या पिंगळ्याचं नाव त्यांना फार आवडलं होतं: 'अथीनी ब्रामा'. पहिला शब्द ग्रीकांच्या विद्येच्या देवीचा, दुसरा आपल्या ब्रह्मदेवाचा. आम्ही ज्याचं नाव शिवी म्हणून वापरतो, त्या घुबडाच्या धाकट्या भावाला साहेबानं दोन धर्मांची दैवतं देऊन टाकली होती.

पण खरी गंमत चुकांची होती. लाल बुडाच्या बुलबुलाच्या नावात 'काफर' आहे, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडचा. त्या बुलबुलानं आफ्रिका कधी पाहिली नाही. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी कातडं कुठून आलं ते चुकीचं ऐकलं, आणि तसंच छापलं. सुगरणीच्या नावात फिलिपाईन्स आहे. सुगरण तिथं नाही. मग हे दुरुस्त का करत नाहीत, असं मी विचारलं. गोपाळरावांच्या चेहऱ्यावर जी शांती आली ती मी फक्त त्यांच्या बाजूनं निकाल लागल्यावर पाहिली होती. ते म्हणाले की नियमच तसा आहे: पहिलं छापलेलं नाव कायम. चूक असो, बरोबर असो, जगबुडीपर्यंत तेच. मला ते पटवाऱ्याच्या नोंदीसारखं वाटलं. त्यांना ते मोक्षासारखं वाटलं होतं.

कारण त्याच ग्रंथांत त्यांना पोपट भेटला होता. आपल्या पेरूच्या बागा नासवणाऱ्या पोपटाचं नाव 'सिटाक्युला क्रामेरी'. आणि क्रामर हा कुणी राजा नव्हता, देव नव्हता. गोऱ्यांच्या मुलखातला एक माणूस होता. पोपट जोवर आहेत तोवर क्रामर आहे. गोपाळरावांनी यादीच केली. कॅप्टन, कर्नल, डॉक्टर, कलेक्टर, एखाद्याची बायको, एखाद्याची मुलगी. असे पन्नासेक लोक पाखरांच्या नावांत जाऊन बसले होते. यांतल्या कित्येकांनी काय केलं होतं? एक कातडं पाठवलं होतं.

"मले सांगा," ते मला म्हणाले, "जो माणूस नागपूरच्या हायकोर्टात अपील चालवू शकते, तो एक पाखरू नाई पाठवू शकत?"

एक अडचण होती. स्वतःचं नाव स्वतःच द्यायचं नाही, असा त्या विद्वानांत शिष्टाचार होता. दुसऱ्यानं द्यावं लागे. ही रीत गोपाळरावांना गल्लीच्या वेळेपासून माहीत होती.

गोपाळरावांनी जन्मात बंदूक धरली नव्हती, आणि मेलेलं पाखरू सोडा, सोललेला कांदाही हातात घ्यायला ते नाखूश असत. म्हणून ते मूर्तिजापूरहून छोट्या गाडीनं अचलपूरला गेले आणि बद्रुद्दीनला गाठलं. बद्रुद्दीन पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. बंदुका दुरुस्त करायचा, आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांसाठी वाघ-सांबरांत पेंढा भरून द्यायचा. जहागिऱ्या गेल्या, तसे भिंतीवर वाघ लावणारे कमी झाले होते. त्यामुळं पाखरांचं काम त्यानं घेतलं. मेळघाटच्या पायथ्याला फिरायचं, अनोळखी दिसेल ते मारायचं, कातडं काढून कीड लागू नये म्हणून सोमलाचा विषारी साबण लावायचा, आत कापूस भरायचा आणि अकोल्याला आणून द्यायचं, असं ठरलं.

लेबलं मात्र गोपाळराव स्वतः लिहीत. सुवाच्य अक्षर, तारीख, गाव, झाड, वेळ, सगळं दाव्याच्या अर्जासारखं चोख. शेवटी एक ओळ: संग्राहक, गो. त्र्यं. कुरणखेडकर. बद्रुद्दीनला इंग्रजी येत नव्हतं, पण आपलं नाव किती लांब असतं हे त्याला माहीत होतं. एकदा त्यानं विचारलं की मारतो मी, सोलतो मी, भरतो मी, तर चिठ्ठीवर माझं काही आहे का? गोपाळरावांनी त्याला कायदा समजावला. मुनिमानं मालकासाठी केलेलं काम ते मालकाचंच काम. बद्रुद्दीननं मान हलवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

रमाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की मेलेलं पाखरू उंबऱ्याच्या आत येणार नाही. त्यामुळं सगळी कातडी बाहेरच्या ऑफिसात, फायलींच्या कपाटात राहायची. अशील वकिलाला कागद मागायचा, गोपाळराव खण उघडायचे, आणि आतून खंड्या चोच पुढं करून बाहेर यायचा. डांबराच्या गोळ्यांचा आणि सोमलाचा वास कोटाला लागला. मी शेजारी बसत असल्यामुळं माझ्याही कोटाला लागला.

पहिलं पाखरू १९५५ मध्ये मुंबईला तज्ज्ञांकडं गेलं. करडं, अंगभर पांढरे ठिपके, लांब शेपूट; ग्रंथातल्या कुठल्याच चित्राशी जुळेना. गोपाळराव महिनाभर पोस्टमनच्या वाटेवर. उत्तर आलं: कोकिळेची मादी. ग्रंथात चित्र काळ्या नराचं होतं. दुसऱ्या वर्षी पाठवलेलं पाखरूही मादीच निघालं. तिसरं पिल्लू होतं.

"मुंबईवाले दुसरं काही शिकलेच नाईत," गोपाळराव म्हणाले. "नवं दिसलं की मादी म्हनून मोकळे."

चौथ्या वेळी मात्र त्यांना परतवाड्याच्या बाजारात एक पिंजरा दिसला. त्यात मुनियेएवढं, गर्द हिरवं पाखरू होतं. असं पाखरू कुठल्याच ग्रंथात नव्हतं. बद्रुद्दीन सोबत होता. तो म्हणाला, "वकीलसाहेब, याले रंग लावेल हाये." गोपाळरावांनी विचारलं की तुझा पुरावा काय. बद्रुद्दीननं थुंकी लावून बोट पाखराच्या पाठीवरून फिरवलं आणि हिरवं बोट दाखवलं. गोपाळराव म्हणाले की काही पक्ष्यांचा रंग नैसर्गिकरीत्याच कच्चा असू शकतो. बद्रुद्दीननं बोट वकीलसाहेबांच्या धोतराला नाही, स्वतःच्या लुंगीला पुसलं, आणि ते पाखरू मुंबईला गेलं. मुंबईच्या पत्रात यावेळी तीनच ओळी होत्या. तिसरीत म्हटलं होतं की रंग स्पिरिटमध्ये विरघळला, आणि यापुढं पत्र पाठवण्याआधी कृपया पक्षी धुऊन पाहावा.

मला वाटलं, आता संपलं. पण आशा सोडणाऱ्यांतले ते नव्हते. मुदतीबाहेर गेलेली अपिलंही त्यांनी लढवली होती. या काळात त्यांनी लॅटिनचं व्याकरणसुद्धा थोडं पाहिलं. पुरुषाच्या नावाला शेवटी 'ई' लागतो आणि बाईच्या नावाला 'आए', हे त्यांनी शोधलं, आणि कागदावर लिहून पाहिलं: कुरणखेडकरी. हा शब्द ते गाडीत, जिन्यात, साहेबाच्या कोर्टात आपला नंबर येईपर्यंत, ओठांतल्या ओठांत म्हणत. घरी रमाबाईंना त्यांनी तो मोठ्यानं म्हणून दाखवला. रमाबाईंनी ऐकून घेतलं आणि ही कशाची करी आहे, असं विचारलं. शिवाय शेवटी 'ई' लावल्यावर ती बाई झाली, बाप्या नाही, हेही सांगितलं.

एकदा बद्रुद्दीन तुरेवाला हुदहुद घेऊन आला. मी ऑफिसात होतो. गोपाळरावांनी त्याला सांगितलं की याचं नाव 'उपुपा एपॉप्स': पहिला शब्द लॅटिन, दुसरा ग्रीक, दोन्ही त्याच्या आवाजावरून. बद्रुद्दीन हसला. तो म्हणाला, "आमच्यातबी त्याच्या आवाजानंच हुदहुद म्हनतात. तो तर आपलं नाव सोताच सांगून राहिला साहेब. त्याले कोनाची गरज नाई." गोपाळरावांनी लेबल लिहायला घेतलं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

१९६० च्या दिवाळीनंतर चारुशीला नावाच्या एक बाई आल्या. अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, वय असेल तीस-बत्तीस, खांद्याला कापडी पिशवी. कुणाकडून तरी त्यांना कळलं होतं की अकोल्यात एका वकिलाकडं शेदीडशे पक्ष्यांची कातडी आहेत. त्यांना ती तपासायची होती. गोपाळरावांनी त्या दिवशी दोन तारखा वाढवून घेतल्या.

चारुशीलाबाई पाच दिवस ऑफिसात बसल्या. त्यांची तपासायची पद्धत जरा वेगळी होती. पाखरू हातात घ्यायच्या, पण त्याच्याकडं बघायच्या नाहीत. पांढऱ्या कागदावर धरायच्या, बारीक ब्रशनं पिसं उलटी झाडायच्या, आणि कागदावर पडलेली घाण चिमट्यानं उचलून छोट्या छोट्या बाटल्यांत भरायच्या. गोपाळरावांना वाटलं की आधी स्वच्छता, मग शास्त्र. त्यांनी कौतुकानं मला सांगितलं की मुंबईच्या लोकांना ही शिस्त नाही.

बाईंनी त्यांना काय करतोय ते समजावून सांगितलं होतं. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण गोपाळराव समोरच्या साक्षीदाराचं ऐकतात ते हवं तेवढंच. चार महिन्यांनी बाई परत आल्या आणि म्हणाल्या की बहुतेक एक नवी जात सापडलीय, होल्यावरची. लेबलं इतकी व्यवस्थित होती म्हणूनच हे काम झालं, तर त्या जातीला तुमचं नाव द्यावं अशी इच्छा आहे. हरकत नाही ना? गोपाळरावांनी 'नवी जात', 'होला' आणि 'तुमचं नाव' एवढं ऐकलं. कबुतराच्या कुळातला होला तर अकोल्यात प्रत्येक तारेवर बसलेला असतो. त्यांतलाच एक नवा निघाला याचं त्यांना जरासं आश्चर्य वाटलं, पण हरकत वाटली नाही. बाईंनी संमतीचा कागद पुढं केला. अंगठा उठवण्याआधी कागद दोनदा वाचून घे, असं तीस वर्षं अशिलांना बजावणाऱ्या माणसानं त्यावर न वाचता सही केली. वर तारीखही घातली.

पेढे वाटले गेले. मी दोन खाल्ले. गावच्या वाचनालयानं सत्कार ठेवला. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की आजपासून वऱ्हाडचं नाव पंखांवर बसून जगभर जाणार. तपशिलात ते बरोबरच बोलले होते, पण तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. गोपाळराव गळ्यात हार घालून अर्धा तास लॅटिन नावांवर बोलले, आणि क्रामरचा उल्लेख त्यांनी बरोबरीच्या माणसासारखा केला.

छापील निबंध आला १९६१ च्या सप्टेंबरात. बाईंनी सहीनिशी भेट पाठवला होता. गोपाळरावांनी तो बाररूममध्ये सगळ्यांसमोर फोडला. पहिल्या पानावर नाव होतं: 'कोलंबिकोला कुरणखेडकरी'. कोलंबिकोला म्हणजे काय, असं कुणीतरी विचारलं. गोपाळरावांना एव्हाना तेवढं लॅटिन येत होतं. "कबुतरावर वस्ती करणारा," ते म्हणाले, आणि शेवटचा शब्द त्यांनी पुन्हा एकदा म्हणून पाहिला. त्यांनी पान उलटलं. पुढच्या पानावर पानभर चित्र होतं. लांबट अंग, सहा पाय, पायांना आकडे, कडेनं केसांची ओळ. खाली लिहिलं होतं की मूळ लांबीच्या पस्तीस पट मोठं केलेलं.

ती ऊ होती.

आम्ही अकरा माणसं होतो, आणि ते पान अकराही जणांच्या हातांतून फिरलं. मग कोपऱ्यातल्या एकानं डोकं खाजवलं. त्याला खरंच खाजलं असावं, पण पुढं वर्ष-सव्वा वर्ष ती रीत पडली. गोपाळराव उलटतपासणीला उभे राहिले की विरुद्ध बाजूचा वकील टोपी काढून डोकं खाजवायचा. एकदा तर कोर्टाचा बेलिफ डोमाजी दारात उभा राहून खाजवत होता. गोपाळरावांनी तक्रार केली, तेव्हा कळलं की त्याला बिचाऱ्याला नायटा झाला होता.

त्यांनी जे कुठल्याही वकिलानं केलं असतं ते केलं. चारुशीलाबाईंना नोटीस पाठवली. पंधरा दिवसांच्या आत सदर नाव मागं घ्यावं, अन्यथा अब्रूनुकसानीचा दावा. उत्तर आलं ते चार पानी, हातानं लिहिलेलं आणि अतिशय नम्र. बाईंनी लिहिलं होतं की त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांच्या शास्त्रात हा मान समजतात, म्हणून त्यांनी तो दिला. मागं घेण्याचा मात्र उपाय नाही. एकदा रीतसर छापलेलं नाव नाव देणाऱ्यालाही मागं घेता येत नाही. बुलबुलाचं उदाहरण तुम्हीच मला दिलं होतं, असंही त्यांनी लिहिलं होतं. सोबत संमतीच्या कागदाची नक्कल जोडली होती.

गोपाळरावांनी ती नक्कल तीनदा वाचली. मग त्यांना एक मुद्दा सापडला. नाव 'संग्राहकाच्या सन्मानार्थ' दिलं होतं. पण संग्राहक कोण? होला कुणी मारला? ते त्याच आठवड्यात अचलपूरला गेले, आणि मला साक्षीदार म्हणून घेऊन गेले. बद्रुद्दीन दुकानात बंदुकीच्या नळीला तेल देत बसला होता. त्याची बायको आमिना हिनं चहा दिला. गोपाळरावांनी त्याला सगळं सांगितलं, उवेचा उल्लेख जरा आडवळणानं करत. शेवटी म्हणाले की न्यायानं पाहता खरा संग्राहक बद्रुद्दीन, तेव्हा तो मान त्याचा. त्यानं फक्त एका कागदावर सही करायची.

बद्रुद्दीननं नळी डोळ्याला लावून आरपार पाहिली. "साहेब," तो म्हणाला, "मुनिमाचं काम ते मालकाचं काम. तुमीच समजावलं होतं मले." मग थोडं थांबून, कुठलाही राग न धरता म्हणाला, "तो होला मी तर खायासाठी मारला होता. डब्यात एक जागा खाली होती, म्हनून भरला."

परतीच्या गाडीनं गोपाळराव घरी आले, ग्रंथ कपाटात टाकून कुलूप लावलं. पाखरं आणणं बंद. बद्रुद्दीन दोनदा येऊन गेला, त्याला ते भेटले नाहीत. हे मी हसत सांगतोय, पण तेव्हा मला त्यांचं वाईट वाटलं होतं. बावन्न-त्रेपन्न वर्षांचा माणूस सकाळी फिरायला जायचा बंद झाला, कारण वाटेत तारांवर होले बसलेले असायचे.

त्यातून त्यांना रमाबाईंनी काढलं. समजूत घालून नव्हे; तो त्यांचा स्वभाव नव्हता. सव्वा वर्ष झाल्यावर एके दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "अहो, ती ऊ तुमी पाह्यली तरी का?"

गोपाळराव म्हणाले, चित्र पाहिलं.

"चित्र मीबी पाह्यलं. ते तर त्या बाईनं काढलं. तुमाले काय माहीत, खरी कशी हाय? माणूस नातवाचं तोंड तरी पाह्यते, मंग नाव ठेवते."

नातवाचा दाखला त्यांच्या तोंडून कसा आला कुणास ठाऊक. गोपाळरावांनी ताटातला घास तसाच ठेवला, असं रमाबाईंनी मला सांगितलं.

१९६३ च्या जानेवारीत ते एसटीनं अमरावतीला गेले. मलाही नेलं, साक्षीदाराची त्यांना सवय झाली होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत चारुशीलाबाई आम्हांला पाहून उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, समन्स घेऊन आले. गोपाळरावांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले की ते फक्त पाहायला आलेत.

बाईंनी लाकडी पेटीतून एक काचपट्टी काढली. तिच्यावर लाल शाईची चिठ्ठी होती. सूक्ष्मदर्शकाखाली लावली, आरसा फिरवून उजेड घेतला, आणि बाजूला झाल्या. गोपाळराव वाकले. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग बाईंनी एक चाक हलकेच फिरवलं, आणि त्यांचे खांदे एकदम स्थिर झाले.

ते किती वेळ पाहत होते ते मी मोजलं नाही. मधे घंटा झाली, मुलं एका वर्गातून दुसऱ्या वर्गात गेली.

"नर हाये का मादी?" त्यांनी डोळा न काढता विचारलं.

"नर," बाई म्हणाल्या.

गोपाळरावांनी मान डोलावली. आठ वर्षं चाललेल्या दाव्यात निदान एक मुद्दा त्यांच्या बाजूनं लागला होता. मग त्यांनी विचारलं की हे एवढंसं जनावर होल्याच्या पिसांतून पडत कसं नाही. बाईंनी सांगितलं की त्याचं अंग पिसाच्या दोन काड्यांमधल्या फटीएवढंच असतं. होला चोचीनं अंग साफ करतो तेव्हा ते त्या फटीत लांब होऊन निजतं, आणि चोच वरून जाते. दुसऱ्या पक्ष्याच्या पिसांत त्याला राहता येत नाही. गोपाळराव ऐकत होते. यावेळी सगळं ऐकत होते, हे मी शपथेवर सांगू शकतो.

माझी पाहायची पाळी आली तेव्हा मला ऊ दिसली. मी तसं बोललो नाही.

त्यानंतर बाररूममध्ये कुणी डोकं खाजवलं की गोपाळराव त्याला थांबवून सांगत की कोलंबिकोला माणसाच्या डोक्यात राहूच शकत नाही, आणि नावाचा उच्चारही दुरुस्त करून देत. खाजवणाऱ्यांची त्यात काही मजा राहिली नाही. कपाटाचं कुलूप निघालं. ते अचलपूरला जाऊन बद्रुद्दीनला भेटले. काय बोलले ते मला माहीत नाही, पण पुढच्या थंडीत पाखरं यायला लागली, आणि लेबलावर आता दोन नावं असत. बद्रुद्दीनला ती ओळ वाचता येत नव्हती. गोपाळरावांनी त्याला बोट ठेवून दाखवली. तो म्हणाला की उवा निघाल्या तर पहिलं नाव वापरा.

दर दोन-तीन महिन्यांनी शनिवारी गोपाळराव अमरावतीला जाऊन बसत, ब्रशनं पिसं झाडत आणि बाईंना बाटल्या भरून देत. १९६५ मध्ये एका भोरडीवर आणखी एक नवी जात निघाली. भोरड्या म्हणजे हिवाळ्यात ज्वारीवर उतरणारी ती गुलाबी पाखरांची टोळधाड. बाईंनी नाव सुचवायचा मान गोपाळरावांना दिला. त्यांनी रात्रभर विचार केला, आणि सकाळी चहाच्या वेळी फार हळुवारपणे बायकोला सांगितलं की बाईच्या नावाला शेवटी 'आए' लागतो, आणि 'रमाए' हे कानाला किती गोड लागतं.

रमाबाईंनी कप खाली ठेवला. "माझं नाव उवेले द्याल," त्या म्हणाल्या, "तर मी भातकुलीले निंगून जाईन, अन् मंग उवाच घेऊन बसा घरात."

ती जात शेवटी वऱ्हाडच्या नावानं छापली गेली. वऱ्हाडाकडून संमतीचा कागद कुणी घेतला नाही.

१९६७ च्या मे महिन्यात गोपाळरावांनी सगळी कातडी, तीनशेच्या वर, कॉलेजला देऊन टाकली. पंचावन्नचा वाढदिवस उलटून दोन-तीन वर्षं झाली होती, नजर कमी झाली होती. बद्रुद्दीन पेट्या बांधायला अकोल्याला आला. पाच पेट्या अमरावतीच्या एसटीच्या टपावर चढवल्या, तेव्हा मी आणि रमाबाई स्टँडवर होतो. कंडक्टरनं आत काय आहे विचारलं. पाखरं, असं बद्रुद्दीननं खरं सांगितलं. कंडक्टर म्हणाला की पाखरं असतील तर जनावरांचा दर लागेल. आत सीटवर जाऊन बसलेले गोपाळराव खाली उतरले. जनावर म्हणजे काय, जिवंत म्हणजे काय, आणि आत कापूस असेल तर त्याला पाखरू म्हणावं की गादी, यावर त्यांनी उन्हात उभं राहून बाजू मांडली. कंडक्टरनं नियमाचं पुस्तक काढलं. गोपाळरावांनी ते हातात घेऊन वाचलं, आणि त्यातलं त्यांना हवं ते कलम पंचविसाव्या मिनिटाला सापडलं. प्रवासी शिव्या देत होते. रमाबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि मला म्हणाल्या की आता हे अमरावतीपर्यंत त्या बिचाऱ्याला लॅटिन शिकवतील. बस चाळीस मिनिटं उशिरा सुटली. मागच्या खिडकीतून बद्रुद्दीन झोपलेला दिसला, आणि त्याच्या पुढच्या सीटवर गोपाळराव कंडक्टरकडं वळून काहीतरी बोटांवर मोजून सांगत होते.